छपाईपूर्वी फोटोचे पिक्सेल वाढवावेत का? नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

डिजिटल फोटो मोठ्या आकारात छापायचे ठरले की पहिली शंका पिक्सेलची येते. आहेत तेवढे पिक्सेल या आकाराला पुरतील का, आणि पुरत नसतील तर ते संगणकावर वाढवून घेतल्याने कागदावरचा फोटो खरोखर सुधारेल का? पिक्सेल वाढवण्याच्या या क्रियेला अपसॅम्पलिंग म्हणतात आणि तिच्याबद्दल दोन टोकांची मते ऐकायला मिळतात. जे कॅमेऱ्याने टिपलेच नाही ते नंतर आणता येत नाही, म्हणून ही खटपट व्यर्थ आहे, असे एक मत सांगते. छपाईला पाठवण्यापूर्वी प्रत्येक फोटो दुप्पट करूनच पाठवावा, असे दुसरे. पहिल्या मतातील विधान खरे आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकतो, आणि दुसरे मत पाळले तर अनेकदा फाइल मोठी होण्यापलीकडे काहीच घडत नाही. अपसॅम्पलिंगचा उपयोग ठराविक मर्यादेत होतो, त्या मर्यादेत तो डोळ्यांना दिसतो, आणि आपला फोटो त्या मर्यादेत येतो की नाही हे साध्या भागाकाराने व एका छोट्या चाचणीने ठरवता येते.

पिक्सेल वेगळे, शाईचे ठिपके वेगळे

पीपीआय आणि डीपीआय या दोन संज्ञा इतक्या सर्रास एकमेकींच्या जागी वापरल्या जातात की नवख्या माणसाचा गोंधळ होणे स्वाभाविक आहे. पीपीआय म्हणजे छापील फोटोच्या एका इंचात फोटोचे किती पिक्सेल बसतात तो आकडा, तर डीपीआय म्हणजे प्रिंटर एका इंचात शाईचे किती ठिपके टाकू शकतो तो आकडा. इंकजेट प्रिंटरच्या माहितीपत्रकात २८८० × १४४० डीपीआय असे लिहिलेले असते, ते पाहून फोटोही तेवढ्या पीपीआयचा हवा असे वाटू शकते. पण शाईचा थेंब एकतर पडतो किंवा पडत नाही, फार तर दोन-तीन वेगवेगळ्या आकारांत पडतो, त्यामुळे एकाच पिक्सेलची नेमकी छटा उमटवण्यासाठी प्रिंटरला अनेक रंगांचे अनेक थेंब आजूबाजूला विखरून टाकावे लागतात. म्हणूनच २८८० डीपीआयच्या प्रिंटरलाही साधारण ३०० ते ३६० पीपीआयचा फोटो पुरेसा होतो.

आणखी एक गैरसमज येथेच दूर केलेला बरा. फाइलमध्ये नोंदलेला ‘७२’ किंवा ‘३००’ हा आकडा म्हणजे केवळ एक नोंद असते. फोटोशॉपच्या ‘इमेज साइझ’ चौकटीत ‘रिसॅम्पल’ समोरची खूण काढून तो आकडा ७२ चा ३०० केला, तर एकही पिक्सेल वाढत नाही की कमी होत नाही. तेच पिक्सेल कागदाच्या किती जागेत पसरायचे एवढेच बदलते. ती खूण ठेवून आकडा वाढवला, तर मात्र नवे पिक्सेल तयार होतात, आणि अपसॅम्पलिंग म्हणतात ते हेच.

पहिली पायरी: भागाकार करा

फोटोच्या रुंदीतील पिक्सेलना छापील रुंदीच्या इंचांनी भागले की मूळ पीपीआय मिळतो. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचा फोटो साधारण ६००० × ४००० पिक्सेलचा असतो. तो १५ × १० इंचांवर छापला तर ४०० पीपीआय मिळतात, २० इंच रुंदीवर ३००, ३० × २० इंचांवर २००, आणि ६० × ४० इंचांवर केवळ १००. फोटो कापला असेल तर कापल्यानंतर उरलेले पिक्सेल मोजावेत. दोन्ही बाजूंनी निम्मा कापलेला हाच फोटो ३००० × २००० पिक्सेलचा, म्हणजे २४ ऐवजी ६ मेगापिक्सेलचा उरतो, आणि ३० इंच रुंदीवर त्याचेही १०० पीपीआयच होतात. मेसेजिंग ॲपवरून आलेला फोटो असेल तर तो वाटेत लहान झालेला असण्याची शक्यता मोठी असते. अशा वेळी मूळ फाइल मागवून घेणे हा अपसॅम्पलिंगच्या कोणत्याही पद्धतीपेक्षा चांगला उपाय आहे.

दुसरी पायरी: किती अंतरावरून पाहणार ते ठरवा

निरोगी डोळ्याला सुमारे एका कोनीय मिनिटापर्यंतचा (म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाइतका) तपशील अलग ओळखता येतो, असे प्रमाण सामान्यतः धरतात. २५ सेंटीमीटरवरून पाहिल्यास हा कोन कागदावर सुमारे ०.०७ मिलिमीटर भरतो, म्हणजे साधारण ३५० पीपीआय. अंतर दुप्पट झाले की गरज निम्मी होते. ५० सेंटीमीटरवरून सुमारे १७५, एक मीटरवरून सुमारे ८७ आणि दोन मीटरवरून ४४ पीपीआय पुरतात. हातात घेऊन पाहायचा अल्बम आणि भिंतीवर उंच लावायचा मोठा फोटो यांना एकच मापदंड लावणे म्हणूनच योग्य नाही. मात्र मोठे फोटोही लोक जवळ जाऊन पाहतात, विशेषतः त्यात अनेक चेहरे किंवा बारीक मजकूर असेल तर. तेव्हा ‘दुरूनच पाहणार आहेत’ या भरवशावर सगळे सोडू नये.

या हिशेबात एक गोष्ट सुटते, आणि माझ्या मते या साऱ्या विषयाची किल्ली तिच्यातच आहे. दोन बारीक ठिपके वेगळे ओळखण्याची डोळ्याची क्षमता एका कोनीय मिनिटाइतकी असली, तरी सरळ रेषा कुठे किंचित सरकली आहे हे ओळखण्याची त्याची क्षमता तिच्या कितीतरी पट सूक्ष्म असते. अनुकूल परिस्थितीत ती काही कोनीय सेकंदांपर्यंत जाते, आणि एका मिनिटात ६० सेकंद असतात. त्यामुळे असे घडते की पिक्सेल सुटा दिसू नये इतका लहान असूनही, तिरक्या रेषेवर त्या पिक्सेलमुळे पडलेल्या पायऱ्या डोळ्याला टोचतात. विजेची तार, छपराची कड, जहाजाचे दोर, पापणीचे केस, पाटीवरची अक्षरे ही त्यांची ठरलेली ठिकाणे. अपसॅम्पलिंगचा खरा उपयोग येथे होतो. ते नवा तपशील आणत नाही, पण तिरक्या रेषेवरच्या पायऱ्या मोडून ती सलग करते, आणि सलग रेषा पाहिली की मनावर स्पष्टपणाचाच ठसा उमटतो. उलट धुके, आकाश, मऊ पार्श्वभूमी, वाळू अशा विषयांत अशा रेषाच नसतात, म्हणून तेथे फरक शोधूनही सापडत नाही.

तिसरी पायरी: प्रिंटर स्वतः काय करतो ते समजून घ्या

आपण पिक्सेल वाढवले नाहीत म्हणजे ते वाढवले जात नाहीत, असे नाही. प्रिंटर चालवणारे सॉफ्टवेअर, म्हणजे ड्रायव्हर, एका ठरलेल्या रिझोल्युशनवर, म्हणजे ठरलेल्या पीपीआयवर, काम करते आणि त्याहून वेगळी आलेली कोणतीही फाइल आधी त्या रिझोल्युशनवर आणून मगच थेंबांची मांडणी ठरवते. एप्सनच्या फोटो प्रिंटरमध्ये हा आकडा सामान्यतः ३६० असतो आणि सर्वाधिक तपशिलाची सेटिंग निवडल्यास ७२०. कॅननच्या प्रिंटरमध्ये तो सामान्यतः ३०० आणि उच्चतम दर्जावर ६०० असतो. फोटो लॅबमधील रासायनिक कागदावर छापणारी यंत्रे बहुधा ३०० पीपीआयच्या आसपास चालतात. आपल्या यंत्राचा आकडा माहितीपुस्तिकेत पाहावा किंवा लॅबला विचारावा.

प्रश्न उरतो तो एवढाच की ही वाढ कोणी आणि कशी करायची. ड्रायव्हरचे काम वेगाचे असते, त्यामुळे तो अनेकदा साधी पद्धत वापरतो. समजा २०० पीपीआयची फाइल ३६० वर न्यायची आहे आणि त्यासाठी जवळचा पिक्सेल जसाच्या तसा पुन्हा लिहिण्याची पद्धत वापरली गेली. तर दर पाच पिक्सेलमागे नऊ जागा भरायच्या असल्याने चार पिक्सेल दोनदा उमटतात आणि एक एकदाच. अशी असमान पुनरावृत्ती झाली की बारीक जाळी, कापडाची वीण किंवा समांतर रेषा यांत एक खरबरीत लय उमटते, जी मूळ फोटोत नव्हती. तीच वाढ आपण चांगल्या पद्धतीने आधीच करून ३६० पीपीआयची फाइल दिली, तर ड्रायव्हरला काही वाढवावे लागत नाही आणि परिणाम आपल्या हातात राहतो. येथे काळजी एवढीच घ्यायची की कडेपर्यंत विनासमास छपाईची सेटिंग बंद असावी, कारण ती सुरू असताना ड्रायव्हर फोटो किंचित मोठा करतो आणि आपण जुळवलेला आकडा पुन्हा बिघडतो.

चौथी पायरी: आपला फोटो कोणत्या टप्प्यात येतो ते पाहा

मूळ पीपीआय यंत्राच्या आकड्याइतका किंवा त्याहून जास्त असेल, तर नेहमीच्या पाहण्यासाठी काही वाढवण्याची गरज नाही. अतिशय गुळगुळीत चकचकीत कागद, तीक्ष्ण लेन्स आणि ७२० वर चालणारा प्रिंटर असे तिन्ही जुळून आले तर जवळून पाहणाऱ्याला बारीक फरक जाणवू शकतो, पण नवशिक्याने तिथून सुरुवात करू नये.

साधारण १५० ते ३०० पीपीआय हा टप्पा अपसॅम्पलिंगला सर्वांत फलदायी आहे. येथे तपशील पुरेसा असतो, फक्त पिक्सेलच्या खुणा दिसण्याच्या सीमेवर असतात, आणि त्या घालवल्या की फोटो स्पष्टपणे सुधारतो.

१०० ते १५० च्या दरम्यान पायऱ्या जातील, पण जवळून पाहिल्यास फोटो मऊच वाटेल, कारण तपशील मुळातच अपुरा आहे. १०० च्या खाली, जवळून पाहायचा फोटो असेल, तर आकार लहान करणे हाच प्रामाणिक सल्ला ठरतो. दोन मीटरवरून पाहायचा असेल तर मात्र तोच फोटो निर्धास्त छापावा.

कागदही विचारात घ्यावा. मॅट कागदात आणि कॅनव्हासमध्ये शाई थोडी पसरते व पृष्ठभागाचा पोतही बारकावे झाकतो, म्हणून त्यावर कमी पीपीआय चालून जातो आणि वाढवण्याचा फायदाही कमी दिसतो. चकचकीत कागद काहीच लपवत नाही.

पाचवी पायरी: आधी साफसफाई, मग वाढ

वाढवण्याची क्रिया फोटोतील चांगले आणि वाईट यांत भेद करत नाही. नॉइजचा (फोटोतील नको असलेल्या दाणेदारपणाचा) एक दाणा दुप्पट होऊन ठिपका बनतो, आणि जेपीईजी फाइल ८ × ८ पिक्सेलच्या चौकटींत दाबली जात असल्याने जास्त दाबलेल्या फाइलमधील त्या चौकटी १६ × १६ च्या होऊन आकाशात फरशीसारख्या दिसू लागतात. म्हणून शक्य असेल तर रॉ फाइलपासून (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेल्या मूळ नोंदीपासून) सुरुवात करावी, नाहीतर पहिल्या पिढीच्या, म्हणजे पुन्हा जतन न केलेल्या, जेपीईजीपासून, आणि नॉइज कमी करणे, धुळीचे डाग पुसणे, रंग व उजेड ठीक करणे ही कामे मूळ आकारातच उरकावीत. धारदारपणा वाढवण्याची क्रिया, म्हणजे शार्पनिंग, या टप्प्यावर अगदी हलकी ठेवावी. येथे जोरदार शार्पनिंग केले तर कडांभोवती उमटलेली पांढरी किनारही फोटोबरोबर मोठी होते आणि नंतर ती काढता येत नाही. हलल्यामुळे किंवा फोकस चुकल्यामुळे अस्पष्ट झालेला फोटो वाढवून स्पष्ट होत नाही, हेही आताच पाहून घ्यावे. पडद्यावर १०० टक्के आकारात मुख्य विषय नीट दिसत नसेल तर पुढच्या पायऱ्यांवर वेळ घालवू नये.

सहावी पायरी: पद्धत निवडा आणि एकदाच वाढवा

पद्धतींची नावे घाबरवणारी असली तरी त्यांमागची कल्पना एकच आहे: नव्या पिक्सेलचा रंग आजूबाजूच्या किती जुन्या पिक्सेलवरून आणि कोणत्या प्रमाणात ठरवायचा. ‘निअरेस्ट नेबर’ एकाच पिक्सेलची नक्कल करते आणि फोटोसाठी ती टाळावी. ‘बायलिनियर’ चार पिक्सेलची सरासरी घेते, त्यामुळे पायऱ्या कमी होतात पण फोटो मऊ पडतो. ‘बायक्यूबिक’ सोळा पिक्सेल पाहते. १९८१ मध्ये रॉबर्ट कीज यांनी तिचे सुटसुटीत गणिती रूप मांडले आणि आजही बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ती मुख्य पद्धत म्हणून आढळते. ‘लँझोस’ तिच्या नेहमीच्या रूपात छत्तीस पिक्सेल पाहते आणि कडा अधिक ताठ ठेवते, मात्र गडद कडेशेजारी पुसट लहरी उमटवण्याची तिची प्रवृत्ती आहे. फोटोशॉपमध्ये वाढवण्यासाठी ‘बायक्यूबिक स्मूदर’ आणि ‘प्रिझर्व्ह डिटेल्स २.०’ हे पर्याय आहेत. दुसऱ्यात कडा अधिक ठळक राहतात, पण नॉइज असलेल्या फोटोत तो दाणेही ठळक करतो, म्हणून त्यातील नॉइज कमी करण्याची पट्टी थोडी सरकवून पाहावी. गिम्प हे मोफत सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी ‘क्यूबिक’ किंवा ‘नोहेलो’ वापरावे.

फोटो दर वेळी दहा-दहा टक्क्यांनी वाढवत न्यावा अशी जुनी शिफारस अजूनही ऐकू येते. आजच्या साधनांत तिचा फायदा नाही, कारण प्रत्येक फेरीत सरासरीवर सरासरी होते. अंतिम पिक्सेलसंख्या ठरवून एकाच झेपेत वाढवावे. आपले ३० × २० इंचांचे उदाहरण घेतले तर ३०० पीपीआयसाठी ९००० × ६००० आणि ३६० साठी १०८०० × ७२०० पिक्सेल लागतात. यापुढे जाऊन काही मिळत नाही, आणि फाइल मात्र वेगाने फुगते: ६००० × ४००० पिक्सेलची ८ बिटची फाइल स्मृतीत सुमारे ७२ मेगाबाइट घेते, तर दोन्ही बाजूंनी दुप्पट केलेली २८८ मेगाबाइट.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांविषयी

२०१४ पासून न्यूरल नेटवर्क (उदाहरणांवरून शिकणारी संगणकीय प्रणाली) वापरून फोटो मोठा करण्याचे तंत्र वेगाने पुढे गेले. ॲडोबीने २०२१ मध्ये कॅमेरा रॉ या रॉ फाइल उघडण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘सुपर रिझोल्युशन’ आणले, जे दोन्ही बाजू दुप्पट, म्हणजे पिक्सेल चौपट करते. टोपाझचे ‘गिगापिक्सेल’ आणि मोफत मिळणारे ‘अपस्केल’ ही त्याच प्रकारची साधने आहेत. यांची कार्यपद्धती मुळातच निराळी आहे. बायक्यूबिक आपल्या फोटोतील पिक्सेलवरूनच हिशेब करते, तर ही साधने असंख्य अन्य फोटोंवरून शिकलेल्या नमुन्यांच्या आधारे येथे काय असावे याचा अंदाज बांधून ते रेखाटतात. कडा, पाने, पिसे, इमारतीच्या विटा यांत हा अंदाज बहुधा इतका चांगला उतरतो की १०० पीपीआयच्या आसपासचा फोटोही छापण्याजोगा होतो, आणि हे मी मोकळेपणाने मान्य करतो.

पण अंदाज तो अंदाजच. दूरच्या गर्दीतील लहान चेहऱ्यांना परके डोळे फुटतात, न वाचता येणाऱ्या पाटीवर अक्षरांसारखी पण निरर्थक चिन्हे येतात, त्वचा मेणासारखी होते, आणि एकाच फोटोत काही भाग कोरल्यासारखा तर शेजारचा पुसट दिसतो. आजोबांच्या एकमेव फोटोतील चेहरा किंचित वेगळा झाला तर तो फोटो कितीही धारदार असला तरी तो त्यांचा राहत नाही. दस्तऐवज, पुरावा किंवा वैज्ञानिक नोंद म्हणून छापायच्या फोटोवर ही साधने वापरूच नयेत. अन्यत्र वापरल्यास चेहरे आणि मजकूर मूळ फोटोशी शेजारी ठेवून तपासावेत, आणि हवे तर मूळ फोटोची बायक्यूबिकने वाढवलेली प्रत वेगळ्या लेयरवर ठेवून दोन्हींचे मिश्रण करावे, म्हणजे खोटा करकरीतपणा निवतो.

सातवी पायरी: शार्पनिंग शेवटी, अंतिम आकारात

अपसॅम्पलिंग करून निराशा झालेल्या अनेकांनी ही पायरी गाळलेली असते. वाढवलेला फोटो थोडा मऊ होतोच, आणि कागदावर शाई पसरल्याने तो आणखी मऊ होतो. या दोन्हींची भरपाई अंतिम पिक्सेलसंख्येवर केलेल्या शार्पनिंगने करायची असते. ३०० पीपीआयच्या फाइलवर ‘अनशार्प मास्क’ या शार्पनिंगच्या साधनातील त्रिज्या (कडेपासून परिणाम किती दूर पसरतो ते माप) १ ते १.५ पिक्सेल ठेवून सुरुवात करावी. कडेभोवतीची किनार कागदावर इंचाच्या सुमारे शंभराव्या भागाइतकी, म्हणजे या फाइलवर तीन पिक्सेलची असेल, तर ती किनार म्हणून न दिसता स्पष्टपणा म्हणून जाणवते. मॅट कागदासाठी मात्रा थोडी जास्त, चकचकीत कागदासाठी थोडी कमी ठेवावी.

पडद्यावर याचा अंदाज घेताना फसगत होते. सर्वसाधारण मॉनिटर सुमारे १०० पीपीआयचा असतो, त्यामुळे ३०० पीपीआयची फाइल १०० टक्क्यांवर पाहिली तर ती छापील आकाराच्या तिप्पट मोठी दिसते आणि योग्य शार्पनिंगही भडक वाटते. ३३ टक्क्यांवर आकार छपाईइतका दिसतो, पण तेथे बारकावे गळतात. लाइटरूमसारख्या सॉफ्टवेअरमध्ये छपाईच्या विभागातच रिझोल्युशन व कागदाच्या प्रकारानुसार शार्पनिंग निवडता येते. ते वापरत असाल तर सहावी आणि सातवी पायरी तेथेच पार पडते व पुन्हा हाताने काही करायचे नसते.

आठवी पायरी: पट्टी छापून पाहा

पूर्ण फोटो छापण्यापूर्वी अंतिम आकाराच्या फाइलमधून सुमारे ८ × ३ इंचांचा, तिरक्या रेषा, चेहरा किंवा मजकूर असलेला भाग कापावा. त्याच्या दोन आवृत्त्या एकाच कागदावर एकाखाली एक मांडाव्यात: एक न वाढवलेल्या फाइलमधून, दुसरी वाढवून शार्प केलेल्या फाइलमधून. दोन्हींचा कागदावरचा आकार तंतोतंत सारखा हवा. येथे एक चूक सहज होते: मांडणी करणारे सॉफ्टवेअर दोन्ही तुकडे एकाच दस्तऐवजात घेताना न वाढवलेला तुकडा स्वतःच वाढवते आणि मग तुलनेला अर्थ उरत नाही. म्हणून तोच कागद पुन्हा प्रिंटरमध्ये घालून, जागा बदलून, दुसरा तुकडा स्वतंत्रपणे छापावा. मागे पेन्सिलने खूण करावी, शाई वाळू द्यावी, आणि फोटो जेथे लागणार आहे तशा उजेडात, ठरलेल्या अंतरावरून, कोणती पट्टी कोणती हे न सांगता दुसऱ्या कोणाला तरी दाखवावी.

लॅबमध्ये छापायचे असेल तर त्याच लहान मापाचे दोन फोटो म्हणून दोन्ही तुकडे पाठवता येतात. फक्त लॅबने स्वतःहून सुधारणा करू नये असे आवर्जून सांगावे. काही लॅबचे सॉफ्टवेअर वाढवण्याचे काम उत्तम करते, आणि तसे दिसून आले तर मूळ आकाराची फाइल पाठवणेच सोयीचे.

पट्ट्यांत फरक दिसला तर वाढवलेली फाइल वेगळ्या नावाने जतन करावी आणि नावातच इंच, पीपीआय व कागद यांची नोंद ठेवावी, कारण उद्या तोच फोटो दुसऱ्या आकारात हवा झाला तर या फाइलपासून नव्हे, मूळ फाइलपासून पुन्हा सुरुवात करावी लागते. फरक दिसला नाही, तर मूळ फाइलच छपाईला पाठवावी.